योसेमिटीत लग्न लावायचंय: परवाना, अक्षता, होम आणि ८१ वर्षांच्या आजी

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी आणि माझा होणारा नवरा दोघंही कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळ राहतो. पुढच्या वर्षी योसेमिटीत, म्हणजे इथल्या डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानात, लग्न करायचं जवळजवळ ठरलंय. त्याने तिथल्या कड्यांवर हात सोलून घेतलेत, मला नुसतं नदीकाठी बसायला आवडतं, पण जागेबद्दल एकमत आहे. बाकी कशाबद्दलच नाही.

माझे आईबाबा ठाण्याहून येणार, त्याचे नाशिकहून. त्याची आजीही येते म्हणते, वय ८१. इकडचे मित्रमैत्रिणी धरून पंचवीसेक माणसं होतील. आईचं म्हणणं, लग्न डोंगरात लावा नाहीतर चंद्रावर, पण अंतरपाट, मंगलाष्टकं, होम, सप्तपदी झालीच पाहिजे, आणि मुहूर्तावर. त्याच्या बाबांना वेगळीच काळजी: हे लग्न कागदोपत्री धरतील ना?

परवाना कसा काढायचा? होम करू देतात का? जागा कोणती, महिना कोणता? ज्यांनी केलंय किंवा अशा लग्नाला गेलेत त्यांनी सविस्तर लिहा प्लीज. ‘सरळ हॉल घ्या’ हा सल्ला घरून रोज मिळतोय, तो इथे नको.

---

मिरपूड

अभिनंदन! भाचीचं लग्न योसेमिटीतच लावलंय, त्यामुळे कागदांपासून सुरुवात करते.

माणसं पाच असोत की पन्नास, तिथे लग्नविधी करायचा तर ‘स्पेशल यूज परमिट’ लागतंच. अर्जाचे १५० डॉलर, आणि बेत फिसकटला तरी ते परत मिळत नाहीत. किमान तीन आठवडे आधी अर्ज करा असं ते सांगतात, पण तीन आठवड्यांवर विसंबू नका. मे-जूनचे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचे शनिवार-रविवार कधीच गेलेले असतात. मधल्या वारी करा. आईला सांगा मुहूर्त बुधवारीही असतात.

परवाना म्हणजे जागा तुमच्या मालकीची झाली असं नाही. तुम्ही हार घालत असताना मागून कुणीतरी रबरी होडी खांद्यावर घेऊन जाणार. हे आधीच मनाशी धरलं की त्रास होत नाही. भाचीच्या लग्नात तर एका अनोळखी आजोबांनी टोपी काढून शेवटपर्यंत उभं राहून मंगलाष्टकं ऐकली.

प्रत्येक जागेला माणसांची आणि गाड्यांची मर्यादा आहे. पंचवीस माणसं दहा गाड्यांतून आली तर ती मोडाल. एक मोठी व्हॅन ठरवा. परवान्याचा कागद छापून जवळ ठेवा, फोनवर भरवसा नको, खोऱ्यात रेंज यथातथाच असते.

प्रवेश शुल्क परवान्यात धरलेलं नाही, गाडीमागे ३५ डॉलर वेगळे. आणि २०२६ पासून आणखी एक भर पडली आहे: अमेरिकेत न राहणाऱ्या १६ वर्षांवरच्या पाहुण्यांना योसेमिटीसह अकरा मोठ्या पार्कांत दर माणशी १०० डॉलर जास्त. तुमच्याकडे भारतातून पाच माणसं येणार म्हणजे हिशेबात धरा. पास असेल तर त्याचे नियम निराळे आहेत, पार्कच्या संकेतस्थळावर वाचून घ्या.

---

तिरकस_तात्या

परवाना, व्हॅन, १०० डॉलर दर माणशी. आमच्या वेळी पाचशे माणूस जेवून गेलं आणि मांडववाल्याला एकदाच पैसे दिले. एवढा खटाटोप करून शेवटी फोटोच ना?

---

मिरपूड

तात्या, पाचशे माणसांत तुम्हाला नवरामुलगा तरी दिसला होता का?

गंमत सोडा, पण माणसांच्या मर्यादेचा एक फायदा कुणी बोलत नाही. ‘पार्कवाले पंचवीसच्या वर घेत नाहीत’ हे वाक्य कुठल्याही रुसलेल्या आत्याला सांगता येतं. आमच्याकडे यादीवरून एकही भांडण झालं नाही. मानपानाचा सगळा राग अमेरिकन सरकारवर निघाला.

---

पळीपंचपात्र

होमाबद्दल लिहितो. बरीच वर्षं इकडे पौरोहित्य करणाऱ्या मामांच्या हाताखाली आहे.

नदीकाठी, गवतात, कड्यावर कुंड मांडून अग्नी पेटवता येणार नाही. आग पेटवायची ती कॅम्पग्राउंडमध्ये किंवा पिकनिकच्या जागी, तिथे बसवलेल्या लोखंडी कड्यातच. त्यातही योसेमिटी खोऱ्यात १ मे ते ३० सप्टेंबर या काळात शेकोटीची वेळ फक्त संध्याकाळी ५ ते रात्री १०. म्हणजे सकाळचा मुहूर्त असेल तर होम बादच. उन्हाळा कोरडा गेला की तेवढीही मुभा काढून घेतात. खोऱ्यात सरपण गोळा करायलाही बंदी आहे, तेव्हा समिधा तिथेच वेचू असं कुणी म्हणालं तर हात धरा.

हे ऐकून यजमान हिरमुसतात, पण विधींचा क्रम बघा. मुहूर्त साधायचा तो मंगलाष्टकं संपून अंतरपाट दूर होतो त्या घटकेचा. कन्यादान, विवाहहोम, लाजाहोम, सप्तपदी हे सगळं त्यानंतर. हॉलमधल्या लग्नातही मधे फोटो, चहा, आहेर यात तास-दीड तास जातोच, तेव्हा कुणी हरकत घेत नाही. मग अंतरपाट, मंगलाष्टकं, माळा पार्कात करा, आणि होम-सप्तपदी पार्काबाहेर. मॅरिपोसा किंवा ओकहर्स्टकडे भाड्याची मोठी घरं मिळतात. मात्र खासगी अंगणातही उन्हाळ्यात आगीवर निर्बंध असतात, घरमालकाकडून आधी लेखी घ्या. ते जमत नसेल तर परतीच्या वाटेवर लिव्हरमोरचं शिव-विष्णू मंदिर आहे, तिथे विचारा. एकाच दिवशी उरकायचा हट्ट नसेल तर हा मार्ग सगळ्यात निर्धास्त.

मुहूर्ताचं एक. भारतातल्या पंचांगातली वेळ घेऊन त्यातून साडेबारा तास वजा करणारे यजमान भेटतात. लग्नशुद्धी त्या ठिकाणच्या सूर्योदयावर असते, घड्याळावर नव्हे. गुरुजींना योसेमिटीचे अक्षांश-रेखांश द्या आणि गणित तिथलं करायला सांगा.

---

रानजाई

@पळीपंचपात्र, हे आईला जसंच्या तसं वाचून दाखवलं. ‘अंतरपाट दूर होतो त्या घटकेचा’ इथे ती थांबली आणि म्हणाली, पुन्हा वाच. म्हणजे निम्मी लढाई जिंकली.

अक्षतांचं काय? पार्कच्या पानावर तांदूळ टाकायला मनाई दिसली.

---

मिरपूड

हो. तांदूळ, पक्ष्यांचे दाणे, फुलांच्या पाकळ्या, फुगे, काहीही उधळायचं नाही. कबुतरं-फुलपाखरं सोडायची नाहीत. रंगवलेले तांदूळ प्राण्यांच्या पोटात जाऊ नयेत हे कारण मला तरी पटतं. ‘खाली चादर अंथरू आणि नंतर झटकून घेऊ’ असं आमच्याकडे एका काकांनी सुचवलं होतं. पंचवीस माणसांनी नेम धरून चादरीतच टाकल्या तर.

आम्ही असं केलं. वधूवरांसमोर चौरंगावर पितळी परात. प्रत्येक ‘सावधान’ला एकेका घरातली माणसं पुढे येऊन अक्षता परातीत वाहायची. शेवटच्या सावधानला टाळ्या. दुसऱ्या दिवशी घरी त्याच अक्षता सगळ्यांनी दोघांच्या डोक्यावर मनसोक्त टाकल्या. खरं सांगते, परातीची पद्धत मला नेहमीपेक्षा आवडली. एरवी मागच्या रांगेतून पुढच्याच्या टकलावर तांदूळ पडतात आणि लग्न कुणाचं चाललंय हे कळत नाही.

---

कोथरूडकर_सून

पण टाकायच्याच नाहीत तर त्या अक्षता कसल्या! माझ्या सासूबाईंनी हे ऐकलं असतं तर त्या विमानात बसल्याच नसत्या.

---

पळीपंचपात्र

अक्षता वाहणं हा आशीर्वाद आहे, अंतराची अट कुठे सांगितलेली नाही. पूजेत आपण देवावर अक्षता वाहतोच, दहा फुटांवरून मारत नाही.

सनईचंही आत्ताच सांगतो. स्पीकर लावता येणार नाही. मंगलाष्टकं तोंडाने म्हणा. मंगलाष्टकांतच वाजंत्र्यांना गलबला करू नका म्हणून बजावलेलं आहे, तेव्हा पार्कचा नियम शास्त्राला धरूनच आहे.

---

कातळवेडा

जागा आणि महिना यावर लिहितो, कारण इथे लोक हमखास उलटं गणित करतात.

सगळ्यांना धबधबे हवे असतात. धबधबे ऐन भरात मे आणि जूनच्या सुरुवातीला. योसेमिटी फॉल २,४२५ फुटांचा आहे, पण ऑगस्टपर्यंत बहुतेक वर्षी तिथे ओला डागही उरत नाही. म्हणून लोक मे महिना धरतात आणि जागा निवडतात कॅथीड्रल बीच किंवा सेंटिनेल बीच. आता हे ‘बीच’ म्हणजे मर्सेड नदीचा वाळूचा काठ. ज्या बर्फाच्या पाण्यावर धबधबे चालतात तेच पाणी मे महिन्यात या काठावर चढलेलं असतं. २०२३ मध्ये बर्फ इतका पडला होता की एप्रिलच्या शेवटी पुराच्या भीतीने खोऱ्याचा बराच भाग बंद ठेवला होता. धबधबा आणि वाळू एकाच वेळी मिळेल ही आशा सोडा. वाळू हवी तर सप्टेंबर-ऑक्टोबर. नदी गुडघाभर आणि शांत, समोर एल कॅपिटनचा उभा कडा, गर्दी ओसरलेली. मी तुमच्या जागी असतो तर ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा.

जुलै-ऑगस्ट नकोच. २०१८ मध्ये फर्ग्युसन वणव्यामुळे जुलैच्या शेवटी खोरं रिकामं केलं आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत बंद होतं. २०२२ च्या जुलैत आधी पार्कातल्याच मॅरिपोसा ग्रोव्हजवळ वॉशबर्न वणवा, मग त्याच महिन्यात मॅरिपोसा काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्हा) ओक वणवा. आग लांब असली तरी धुराने हाफ डोमचा सुळकाही दिसत नाही, आणि वयस्क माणसांचे हाल होतात ते वेगळेच.

तिसरा पर्याय ग्लेशियर पॉइंट. उंची ७,२१४ फूट, खोऱ्याच्या तळापासून ३,२०० फूट वर. हाफ डोम अगदी समोर. सूर्य मावळताना त्या दगडावर जो उजेड येतो तो खाली खोऱ्यात बसून मिळत नाही. गोरज मुहूर्त धरायचा असेल तर जगात याहून चांगली जागा मला माहीत नाही. अडचणी अशा: तिथे जाणारा रस्ता हिवाळ्यात बंद असतो, उघडतो साधारण मेच्या अखेरीस. विधी करू देतात तिथल्या छोट्या दगडी प्रेक्षागृहात, आणि कोणत्या वेळेचा परवाना मिळेल ते ऑफिसलाच विचारावं लागेल. ती वेळ हातात आल्याशिवाय गुरुजींना मुहूर्त काढायला लावू नका. जूनमध्येही सूर्य गेला की गारठा पडतो. पैठणीवर पफर जॅकेट घालायची तयारी ठेवा.

ड्रोन विसरा, राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून बंदी आहे. फोटोग्राफरला मात्र लग्नासाठीचा पार्कचा परवाना असताना वेगळा परवाना लागत नाही.

अवांतर: खोऱ्यात उभं राहून ‘निसर्गाच्या अस्पर्श कुशीत’ वगैरे भाषणं देणार असाल तर एवढं लक्षात असू द्या की तिथे ‘अहवानीची’ या मूळनिवासी लोकांची गावं होती. १८५१ मध्ये मॅरिपोसा बटालियनने त्यांना हुसकावलं, गावं जाळली. खोऱ्यातल्या संग्रहालयामागे त्यांच्या घरांच्या प्रतिकृती आहेत. पाहुण्यांना आदल्या दिवशी तिथे जरूर न्या.

---

तिरकस_तात्या

कातळवेडा, प्रतिसाद आवडला. पण तुम्हीच सांगता वणवे, धूर, पूर. मग अशा नाजूक जागी पंचवीस जणांचं वऱ्हाड न्यावंच कशाला? प्रत्येकाने असं म्हटलं तर?

---

कातळवेडा

तात्या, योसेमिटीत वर्षाला तीस-चाळीस लाख लोक येतात. त्यात परवाना काढून, गाड्या मोजून, कचरा उचलून नेणारी पंचवीस माणसं हा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो परवाना न काढता गवत तुडवत फोटो काढणाऱ्यांचा. त्या कुरणांत पायवाट सोडून शिरलं की गवत पुन्हा उठायला फार वेळ लागतो. तेव्हा आक्षेपाची दिशा बरोबर आहे, माणसं चुकली.

---

वकीलसाहेबीण

नवऱ्यामुलाच्या वडिलांसाठी. पार्कचा परवाना आणि लग्नाचा परवाना हे दोन वेगळे कागद आहेत. पार्कच्या परवान्याने लग्न कायदेशीर होत नाही.

कॅलिफोर्नियात कुठल्याही काउंटी क्लर्ककडे दोघांनी मिळून जायचं, ओळखपत्र दाखवायचं आणि मॅरेज लायसन्स घ्यायचं. ते ९० दिवस चालतं आणि राज्यात कुठेही चालतं. योसेमिटी खोरं मॅरिपोसा काउंटीत आहे, पण त्यासाठी लायसन्स मॅरिपोसाचंच हवं असं नाही. तुमच्याच सांता क्लारा काउंटीचं घेऊन जा. साधं पब्लिक लायसन्स असेल तर निदान एक साक्षीदार सही करायला हवा, जास्तीत जास्त दोन.

लग्न लावणारी व्यक्ती १८ वर्षांवरची आणि कुठल्याही धर्माची अधिकृत पुरोहित असली की पुरते, तेव्हा तुमचे गुरुजी चालतील. पण गुरुजींना आधी बसवून समजावा: सही, पत्ता, तारीख त्यांनीच भरायची आणि कागद १० दिवसांत त्याच काउंटीकडे परत गेला पाहिजे. खाडाखोड झाली की कागद परत येतो. गुरुजी दक्षिणा घेऊन दुसऱ्या राज्यात सत्यनारायणाला निघून गेले आणि कागद त्यांच्या झोळीत, असं एक प्रकरण माझ्याकडे आलं होतं.

नोंद झाली की त्याच काउंटीकडून सर्टिफाइड प्रती मागवा, दोन-तीन जास्तच. भारतात वापरायच्या प्रतीवर कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणूनचं प्रमाणपत्र, घ्या. भारत २००५ पासून अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे.

तारीख ठरवताना एक लक्षात ठेवा: कायद्याचं लग्न ज्या दिवशी, ज्या जागी, तोच दिवस आणि जागा कागदावर येणार. होम दुसऱ्या दिवशी मंदिरात केलात तर दोन तारखा होतील. कागदावर कोणती हवी ते घरात आधी ठरवा, नाहीतर वाढदिवसाचा केक दोनदा कापावा लागेल.

---

सुगरण_पण_आळशी

सगळे शास्त्र आणि कायद्यावर बोलतायत, रुखवताचं कुणी बोलेना.

योसेमिटीत अस्वलं आहेत आणि त्यांना गाडीचं दार उघडायला किल्ली लागत नाही. अंधार पडल्यावर गाडीत खाण्याची एकही वस्तू ठेवायची नाही. दिवसा ठेवली तरी काचा बंद आणि वस्तू नजरेआड. वासाच्या सगळ्याच गोष्टी त्यात येतात: टूथपेस्ट, अत्तर, उदबत्ती. तेव्हा बेसनाचे लाडू, करंज्या, चिवडा असलं रुखवत डिकीत मांडून झोपायला गेलात तर सकाळी गाडी वेगळी दिसेल. रात्री सगळं खोलीत.

पार्कात पंगत मांडू नका. उन्हात पुरणपोळी सुकते, मठ्ठा गरम होतो, आणि पानं उडू लागली की सगळे धावतात. डब्यातून गुळपोळी, मेतकूट-भाताचे मुटके, ताकाच्या बाटल्या, बस. जेवण भाड्याच्या घरी. मॅरिपोसात मराठी जेवण देणारं कुणी मिळेल या भ्रमात राहू नका. मसालेभाताचं सगळं सामान, कढया, अगदी तूपसुद्धा बे एरियातून, म्हणजे तुमच्या सॅन होजेकडूनच, न्या.

गजरे आदल्या रात्री बर्फाच्या पेटीत. पण ती पेटीही खोलीत बरं का.

---

मिरपूड

आजींसाठी रस्ता: हायवे १२० ने जाऊ नका, प्रीस्ट ग्रेडच्या वळणांवर तरुणांनाही मळमळतं. मर्सेडवरून १४० घ्या, मॅरिपोसा, एल पोर्टल, नदीच्या कडेकडेने. थोडा लांब पडला तरी चालेल. पेट्रोल एल पोर्टलला भरा, खोऱ्यात पंप नाही. आणि घडीची खुर्ची आजींपुरती तरी नेता येईल का ते अर्जातच विचारा, जागेगणिक नियम बदलतात.

ग्लेशियर पॉइंटला न्यायचं असेल तर आजींच्या डॉक्टरांना उंचीचं विचारून घ्या. खोरं साधारण ४,००० फुटांवर आहे, तिथे सहसा त्रास होत नाही.

---

वैनगंगेकाठचा

जरा विषयांतर. हेच आपल्याकडे करता येईल का? ताडोब्यात किंवा बोरिवलीच्या उद्यानात? भावाच्या डोक्यात हे खूळ शिरलंय.

---

सागवान

नाही. निवृत्त आहे, पण खात्यात आयुष्य गेलंय म्हणून ठामपणे सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये कोणत्या कामासाठी आत प्रवेश द्यायचा ते कलम २८ मध्ये लिहिलेलं आहे: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन, आत राहणाऱ्या माणसाशी कायदेशीर व्यवहार. त्यात लग्न बसत नाही. कलम ३० प्रमाणे आग लावणं गुन्हा, म्हणजे होमाचा प्रश्नच निकाली. अमेरिकेत ‘परवाना काढा आणि नियम पाळा’ अशी वाट आहे, आपल्याकडे ती वाटच नाही. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे वाघ आहे आणि माणसाने जिप्सीतून खाली उतरायचं नाही. अंतरपाट काय जिप्सीत धरणार?

बोरिवलीला कान्हेरीची लेणी आठवत असतील तर ती पुरातत्त्व खात्याकडे. संरक्षित स्मारकात समारंभ करायला केंद्र सरकारची परवानगी लागते.

मोहर्ली, कोलारा भागातल्या रिसॉर्टच्या हिरवळीवर लग्नं होतात, ती उद्यानाबाहेर. करायचंच तर तिथे करा, पण डीजे आणि फटाके नकोत. कायदा काय म्हणतो ते सोडा, रात्री त्याच पट्ट्यातून जनावर फिरतं.

---

वैनगंगेकाठचा

धन्यवाद काका. जिप्सीतला अंतरपाट भावाला पाठवला आहे.

---

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी तीन-चार व्हिडिओ कॉल झाले, त्यातून ठरलं ते लिहिते.

ऑक्टोबर, मधला वार, कॅथीड्रल बीच. होणाऱ्या नवऱ्याला ग्लेशियर पॉइंट हवा होता, पण आजींनी स्वतःच सांगितलं की वर यायला त्या तयार आहेत, खाली उतरायला नाहीत. अंतरपाट, मंगलाष्टकं, माळा, परातीतल्या अक्षता तिथे, लायसन्सवर सह्याही तिथेच. होम आणि सप्तपदी त्याच संध्याकाळी मॅरिपोसाजवळच्या घरी, मालक लेखी हो म्हणाला तर. नाहीतर दोन दिवसांनी मंदिरात. कागदावर पार्कातलीच तारीख, हे बाबांनी आणि सासऱ्यांनी परस्पर ठरवून टाकलं, आम्हाला विचारलंच नाही.

अजून अडलंय ते एकच. आईला करवलीच्या हातात दिवा हवाय. कापूर नाही, मोठी ज्योत नाही, साधी निरांजन. ही आग धरतात का? बॅटरीचा दिवा तिला चालणार नाही.

---

मिरपूड

अर्जातच लिही, ‘तुपाची एक वात, हातात धरलेली, पाच मिनिटं’. त्यांच्याकडून लेखी उत्तर घे. ऑक्टोबरात आगीचे निर्बंध चालू असतील तर नाही म्हणतील, आणि मग वाद घालू नकोस. निरांजन न पेटवता ताम्हनात ठेवा, ती संध्याकाळी घरी लावा.

---

सुगरण_पण_आळशी

आणि तुपाची वाटी गाडीत विसरू नका.